आपल्या ट्रेडमार्कसारखे डोमेन दुसऱ्याने घेतले असेल तर काय करावे: सोलापूरच्या व्यावसायिकांसाठी

सोलापूरची चादर, टॉवेल, शालेय गणवेश किंवा शेंगा चटणी घेणारा ग्राहक चाटी गल्लीत येऊनच माल घेतो, असे आता राहिलेले नाही. तो हैदराबादेत किंवा पुण्यात बसून कारखान्याचे नाव मोबाइलमध्ये टाकतो आणि जे संकेतस्थळ समोर येईल त्यावर भरवसा ठेवतो. त्या नावाचे किंवा त्याच्याशी मिळतेजुळते डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, तिऱ्हाईतानेच नोंदवलेले असेल, तर दोन पिढ्यांनी माग चालवून कमावलेली पत वर्षाकाठी हजार-बाराशे रुपयांच्या नोंदणीवर त्याच्या पदरात पडते. याला इलाज आहे, आणि त्यासाठी दर वेळी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. मात्र अशा वादाचा निकाल बहुतेक वेळा तारखांवर ठरतो. तुमचा नावावरचा हक्क कधीपासूनचा, समोरच्याची नोंदणी कधीची आणि या दोन्ही गोष्टी कोणत्या कागदाने सिद्ध होतात, हे स्पष्ट झाल्याखेरीज कोणालाही नोटीस पाठवू नये.

वाद कोणाशी आहे, हे आधी पाहावे

पहिले काम म्हणजे डोमेनची नोंद तपासणे. डॉट कॉम, डॉट नेट अशा डोमेनांची नोंद आयकॅन या जगभरातील डोमेन व्यवस्था सांभाळणाऱ्या संस्थेच्या शोधपानावर, आणि डॉट इनची नोंद निक्सी या भारतीय संस्थेच्या डॉट इन रजिस्ट्रीकडे पाहायला मिळते. नोंदणीची तारीख, मुदत संपण्याची तारीख, रजिस्ट्रारचे, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीचे, नाव आणि नेम सर्व्हर (डोमेन कोणत्या यंत्रणेला जोडले आहे ते) एवढे तरी त्यात दिसते. युरोपचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2018 मध्ये लागू झाल्यापासून नोंदणीदाराचे नाव आणि पत्ता बहुधा झाकलेला असतो, पण त्यामुळे खचण्याचे कारण नाही. रीतसर तक्रार दाखल झाली की रजिस्ट्रारकडून ती माहिती लवाद केंद्राला मिळते. एक बारकावा येथेच लक्षात ठेवावा. डोमेन जुने असले आणि सध्याच्या धारकाने ते नंतर विकत घेतले असले, तर त्याचा हेतू पाहताना त्याने ते मिळवले ती तारीख धरली जाते. म्हणून संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जतन करणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हवर त्या पत्त्यावर कोणत्या वर्षी काय दिसत होते, हेही पाहून घ्यावे.

आपल्याकडे वारंवार दिसणारा प्रकार मात्र वेगळाच असतो. डोमेन परक्याने पळवलेले नसते; आपणच ज्याला संकेतस्थळ करायला दिले त्याने ते स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या खात्यातून नोंदवलेले असते. पुढे बिलावरून बिनसले, की तो पासवर्ड देत नाही. कारखानदाराला ही सरळ चोरी वाटते आणि ते वाटणे समजण्यासारखे आहे. तरीही ट्रेडमार्कच्या लवादापुढे असा वाद टिकेलच असे नाही, कारण तो मुळात कराराचा आणि देण्याघेण्याचा आहे, असे म्हणून लवाद अनेकदा हात वर करतात. अशा वेळी काम देतानाचा ईमेल, व्हॉट्सॲपवरील बोलणे, 'डोमेन व होस्टिंग' असा उल्लेख असलेले बिल आणि पैसे भरल्याची बँकेतील नोंद हाती घ्यावी. डोमेन आपल्या वतीने व आपल्या पैशाने घेतले गेले, हे त्यातून सिद्ध होते. थकलेली रक्कम खरोखरच देणे लागत असेल, तर ती लेखी नोंदीसह चुकती करून त्याच पत्रात डोमेन हस्तांतराची मागणी करावी. वर्षभर वकिलाकडे फेऱ्या घालण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त पडतो.

मुदत संपल्यामुळे गेलेले डोमेन हा आणखी एक प्रकार. डॉट कॉमची मुदत संपली की ते लगेच कोणाला मिळत नाही. रजिस्ट्रारच्या नियमांप्रमाणे काही दिवसांची सवलत असते, डोमेन खोडले गेल्यानंतरही 30 दिवस जादा शुल्क भरून ते सोडवता येते आणि शेवटचे 5 दिवस ते कोणालाच मिळत नाही. या काळात जाग आली तर वादाची वेळच येत नाही.

भावाभावांत वाटणी होऊन दोघेही आजोबांच्याच नावाने टॉवेल विकत असतील किंवा भागीदारी मोडली असेल, तर तो वाद लवादाच्या कागदी प्रक्रियेत सुटणारा नाही. नावावर दोघांचाही काही ना काही हक्क असतो, साक्षी तपासाव्या लागतात, वाटणीपत्राचा अर्थ लावावा लागतो. त्यासाठी कोर्ट किंवा घरातील वडीलधाऱ्यांची मध्यस्थी, हेच दोन रस्ते आहेत.

नाव तुमचे आहे की गावाचे?

हा प्रश्न सोलापूरकरांनी स्वतःला फार प्रामाणिकपणे विचारायला हवा. 'सोलापुरी चादर' आणि 'सोलापुरी टेरी टॉवेल' यांना भौगोलिक मानांकन आहे. हे मानांकन एका कारखान्याच्या मालकीचे नसते. त्या प्रदेशातील पात्र उत्पादकांच्या समूहाचा तो हक्क असतो. त्यामुळे केवळ 'सोलापुरी चादर' एवढेच शब्द असलेले डोमेन दुसऱ्या विणकराने किंवा खऱ्या सोलापुरी चादरी विकणाऱ्या व्यापाऱ्याने घेतले, तर 'ते माझे आहे' असे कोणा एकाला म्हणता येत नाही. गावाचे नाव आणि मालाचे नाव सर्वांसाठी खुले असते, आणि ते खुलेच राहायला हवे, असे माझे ठाम मत आहे. दुसऱ्याच ठिकाणी विणलेला माल कोणी या नावाच्या संकेतस्थळावरून सोलापुरी म्हणून विकत असेल, तर ती बाब भौगोलिक मानांकनाच्या कायद्याखाली येते आणि ती तक्रार नोंदणीधारक संस्थेला बरोबर घेऊन करावी.

तुमचे वेगळेपण असते ते त्यापुढच्या शब्दात. समजा, तुमच्या टॉवेलवर 'हरणटोक' असे लेबल विणलेले आहे. या शब्दाचा टॉवेलशी एरवी काही संबंध नाही, म्हणून तो ट्रेडमार्क म्हणून भक्कम ठरतो. त्याची नोंदणी झाली नसेल, तर वाद उभा राहण्याआधीच अर्ज करावा. चादरी-टॉवेल 24व्या वर्गात, तयार कपडे 25व्या वर्गात आणि चटणी-मसाले 30व्या वर्गात येतात. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांसाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रतिवर्ग 4,500 रुपये, तर इतरांसाठी 9,000 रुपये आहे. नोंदणी 10 वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करता येते. नोंदणी होण्याआधीच लेबलावर वर्तुळातला 'आर' छापू नये. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 107 खाली तो गुन्हा आहे.

नोंदणी नसली तरी सारे संपले असे नाही. दीर्घ वापराने ते नाव ग्राहकांच्या मनात तुमच्याच मालाशी जोडले गेले आहे, हे पुराव्याने दाखवता आले तर भारतातील न्यायालये आणि लवाद दोघेही त्या हक्काची दखल घेतात. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या प्रकरणात डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असे स्पष्ट केले. त्याआधी 1999 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ'शी मिळत्याजुळत्या 'रॅडिफ' या नावाला मनाई केली होती. डोमेनसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. हा सारा आधार 1999च्या ट्रेडमार्क कायद्यातून आणि दुसऱ्याच्या मालावर आपले नाव खपवू न देण्याच्या जुन्या तत्त्वातून उभा राहिला आहे.

कागदपत्रांची फाइल

येथे वेळ द्यावा, कारण पुढे जे काही लिहायचे ते या फाइलवरच उभे राहते. कपाटातील जुनी बिलबुके काढावीत. ज्या बिलावर नाव छापलेले आहे आणि तारीख वाचता येते असे सर्वांत जुने बिल, आणि नंतरच्या प्रत्येक वर्षाचे निदान एकेक, अशी साखळी लावावी. विणलेल्या लेबलांचे नमुने, ती लेबले करून देणाऱ्याचे बिल, पॅकिंगची पिशवी, गड्डा यात्रेतील स्टॉलची पावती, वर्तमानपत्रातील जाहिरात, परगावच्या घाऊक व्यापाऱ्याच्या ऑर्डरी, निर्यात असेल तर शिपिंग बिल, सनदी लेखापालाने प्रमाणित केलेली वर्षनिहाय विक्री, हे सारे उपयोगी पडते. कारखान्याच्या नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा जीएसटी क्रमांक मात्र एकट्याने फारसे काही सिद्ध करत नाही. त्यातून व्यवसाय चालू असल्याचे कळते. ग्राहक तुम्हाला त्या नावाने ओळखतात, हे कळत नाही.

समोरच्या संकेतस्थळाचे पुरावे लगोलग घ्यावेत, कारण नोटीस पोहोचताच पाने बदलतात. संपूर्ण पानाचे चित्र, त्यात पत्त्याची पट्टी आणि तारीख दिसेल असे, काढावे. विक्रीचे पान, 'आमच्याविषयी', संपर्काचे पान आणि 'हे डोमेन विकणे आहे' अशी पाटी असल्यास तीही घ्यावी. शक्य असेल तर एखादी वस्तू मागवून तिचे पार्सल आणि बिल जपून ठेवावे. प्रकरण भारतातील कोर्टात जाण्याची शक्यता असेल, तर अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, 2023च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागते. त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पटवणारी तिची आकडी खूण, नमूद करावे लागत असल्याने चित्र ज्या संगणकावर काढले तेथील मूळ फाइल पुसू नये.

सारखेपणा दाखवताना आपल्या शहराची एक खासियत लक्षात घ्यावी. येथे मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड घराघरांत बोलली जाते, आणि त्यामुळे एकच नाव रोमन लिपीत अनेक तऱ्हांनी लिहिले जाते. मराठी माणूस 'त'साठी नुसता 'टी' लिहितो, तेलुगू घरातला 'टी एच' लिहितो. कोणी 'आ'साठी एक 'ए' लिहितो, तर कोणी दोन. 'सोलापूर'चेच जुने स्पेलिंग 'एस एच'ने सुरू होत असे. समोरच्याने तुमच्या नावात एवढाच फरक केला असेल, तर तो फरक आपल्या ग्राहकाला फरक वाटतच नाही, हे वेगवेगळ्या ग्राहकांनी तुमचे नाव निरनिराळ्या स्पेलिंगने लिहिलेल्या खऱ्या ऑर्डरी जोडून दाखवावे. लवादाला दूर बसून जे कळणार नाही, ते या ऑर्डरी सांगतात. डोमेनच्या शेवटी 'टॉवेल्स', 'सोलापूर' किंवा 'ऑनलाइन' असा शब्द जोडला असेल, तर मूळ नाव त्यात स्पष्ट ओळखू येते तोवर सारखेपणा सहसा मान्य होतो. डॉट कॉम की डॉट नेट, याने तेथे फरक पडत नाही.

आणखी एक तपासणी जाणकाराकडून करून घ्यावी. त्या डोमेनवर ईमेल स्वीकारण्याची सोय केलेली आहे का? पान कोरे असले, पण ईमेलची सोय चालू असली, तर धोका मोठा असतो. तुमच्या घाऊक व्यापाऱ्याला एका अक्षराचा फरक असलेल्या पत्त्यावरून 'आमचे बँक खाते बदलले आहे' असा ईमेल गेला, की चादरींच्या गठ्ठ्यांचे पैसे भलत्याच खात्यात जमा होतात. असे घडले तर लवादाची वाट पाहत बसू नये. 1930 या क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तत्काळ तक्रार करावी, बँकेला कळवावे आणि रजिस्ट्रारच्या गैरवापर कक्षाला पुराव्यासह लिहावे. फिशिंगच्या, म्हणजे अशा तोतया ईमेल-संकेतस्थळांच्या फसवणुकीच्या, ठोस पुराव्यावर कारवाई करण्याचे बंधन एप्रिल 2024 पासून आयकॅनच्या करारानेच रजिस्ट्रारांवर आले आहे.

कोणाकडे दाद मागावी

डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग यांसाठी आयकॅनचे 1999 मधील समान वाद निवारण धोरण, म्हणजे यूडीआरपी, लागू होते. तक्रार जिनिव्हा येथील जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या, म्हणजे वायपोच्या, केंद्राकडे किंवा इतर मान्यताप्राप्त केंद्रांकडे ऑनलाइन करता येते. वायपोकडे एक ते पाच डोमेन आणि निर्णय देणाऱ्या पॅनेलवर एक सदस्य असे प्रकरण असेल तर शुल्क 1,500 डॉलर आहे, म्हणजे वकिलाची फी सोडून सव्वा लाख रुपयांच्या वर. तीन सदस्य हवे असतील तर 4,000 डॉलर. छोट्या कारखान्याला ही रक्कम जड आहे, म्हणून डोमेनची खरी गरज किती, याचा हिशेब आधी मांडावा.

या धोरणाखाली तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात आणि तिन्ही लागतात. डोमेन तुमच्या चिन्हासारखे किंवा गोंधळ होईल इतके मिळतेजुळते आहे. समोरच्याला त्या नावावर हक्क किंवा न्याय्य हितसंबंध नाही. आणि त्याने ते दुष्ट हेतूने नोंदवले व दुष्ट हेतूनेच वापरले आहे. ज्या तक्रारी फसतात, त्या बहुतेक वेळा या तिसऱ्या मुद्द्यावर. तुमचा हक्क निर्माण होण्यापूर्वीच त्याने डोमेन घेतले असेल, तर तुमचे नाव डोळ्यांसमोर ठेवून घेतले असे म्हणता येत नाही आणि प्रकरण तेथेच संपते. उलट, नोंदणीनंतर काही दिवसांतच त्याने तुम्हाला लाखांत किंमत सांगितली, तुमच्याच लेबलाची छायाचित्रे लावली, किंवा इतर कारखान्यांचीही नावे अशीच नोंदवून ठेवली, तर हेतू आपोआप उघडा पडतो. पान रिकामे ठेवल्याने तो सुटत नाही. 2000 मधील टेलस्ट्रा कंपनीच्या यूडीआरपी प्रकरणापासून नुसते अडवून ठेवणेही परिस्थिती पाहून दुष्ट हेतूचा वापर मानले जाते.

तुमचाच विक्रेता तुमच्या नावाचे डोमेन चालवत असेल, तर मात्र जपून पावले टाकावीत. तो खरोखर तुमचाच माल विकतो, त्या पानावर दुसऱ्या कोणाचा माल ठेवत नाही, आपण अधिकृत कारखाना नसून विक्रेता आहोत हे स्पष्ट लिहितो आणि तुमच्या नावाची सारी डोमेने अडवत नाही, अशा विक्रेत्याचा हितसंबंध 2001 च्या ओकी डेटा या यूडीआरपी निर्णयापासून न्याय्य धरला जातो. तेथे तक्रारीपेक्षा विक्रेत्याशी नवा करार करणे शहाणपणाचे.

डॉट इन आणि डॉट भारत यांसाठी निक्सीचे स्वतःचे वाद निवारण धोरण, म्हणजे आयएनडीआरपी, आहे. देवनागरीतील डॉट भारत 2014 मध्ये सुरू झाले, त्यामुळे तुमचे नाव मराठीत लिहून कोणी नोंदवले असेल तर तेही यातच येते. येथे तक्रार डॉट इन रजिस्ट्रीकडे करायची असते, रजिस्ट्री एक लवाद नेमते आणि निवाडा 1996च्या लवाद व समेट कायद्याखाली होतो. मोठा फरक एका शब्दाचा आहे. दुष्ट हेतूने नोंदवले 'किंवा' वापरले, यांपैकी एक सिद्ध झाले तरी या धोरणात पुरते. निवाडा साधारण 60 दिवसांत अपेक्षित असतो, अपवादात्मक परिस्थितीत आणखी 30 दिवस मिळू शकतात.

दोन्ही ठिकाणी सुनावणीसाठी सहसा कोठे जावे लागत नाही. सारे काम कागदावर चालते. दोन्ही ठिकाणी मिळते ते मुख्यतः डोमेनचे हस्तांतर किंवा रद्द होणे. नुकसानभरपाई हवी असेल, समोरचा तेच नाव दुकानावर आणि मालावरही वापरत असेल, किंवा उद्याच मनाई हुकूम हवा असेल, तर न्यायालयच गाठावे लागते. नोंदणीकृत ट्रेडमार्कच्या उल्लंघनाचा दावा जिल्हा न्यायालयाहून खालच्या न्यायालयात चालत नाही, आणि कलम 134 मुळे तो व्यवसाय जेथे चालतो तेथे, म्हणजे सोलापुरातही, दाखल करता येतो. नोंदणी नसलेल्या नावाच्या दाव्याला ही सवलत नाही. दावा व्यापारी न्यायालयाच्या कक्षेत येत असेल आणि तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल, तर आधी मध्यस्थी करावीच लागते. ही तातडी खरी असली पाहिजे; मध्यस्थी टाळण्यासाठी ती नुसती लिहून चालत नाही.

तक्रार लिहिताना आणि त्यानंतर

नोटीस आधी पाठवावी का, याचे उत्तर माणूस पाहून ठरवावे. ओळखीचा विक्रेता किंवा संकेतस्थळ करणारा असेल तर जरूर पाठवावी. अनोळखी साठेबाज असेल तर सरळ तक्रार करणे मला योग्य वाटते, कारण तक्रार आली की रजिस्ट्रारला डोमेन कुलूपबंद करावे लागते आणि त्याला ते दुसऱ्याच्या नावावर सरकवता येत नाही. बोलणी झालीच, तर आपण होऊन 'किती घेणार?' असे विचारू नये. त्याने न विचारता सांगितलेली अवाच्या सवा किंमत हा पुरावा ठरतो. आपल्या प्रश्नाला दिलेल्या उत्तराचे वजन तेवढे राहत नाही. सौदा ठरलाच तर पैसे एस्क्रो सेवेमार्फतच, म्हणजे डोमेन हाती येईपर्यंत रक्कम तिऱ्हाईताकडे ठेवून, द्यावेत.

तक्रारीत आधी तारखांचा क्रम सांगावा: पहिला वापर, ट्रेडमार्कचा अर्ज, नोंदणी, समोरच्याचे डोमेन, पहिली फसगत. प्रत्येक वाक्यासमोर परिशिष्टाचा क्रमांक असावा. 'आमचे नाव जगप्रसिद्ध आहे' अशी वाक्ये गाळावीत आणि त्याऐवजी तेलंगणातील व्यापाऱ्याची जुनी ऑर्डर जोडावी. स्वतःच्या बाजूची अडचण, उदाहरणार्थ ट्रेडमार्क अर्जावर हरकत आली असेल तर तीही, लपवू नये. खोटी किंवा छळण्यासाठी केलेली तक्रार असेल तर यूडीआरपीचे पॅनेल तसे निकालात नोंदवते आणि तो निकाल कायम सर्वांना वाचता येतो. यूडीआरपीच्या तक्रारीत, निर्णयाला पुढे आव्हान दिले गेल्यास कोणते न्यायालय मान्य, हेही निवडायचे असते: नोंदणीदाराच्या पत्त्याचे की रजिस्ट्रारच्या मुख्य कार्यालयाचे. रजिस्ट्रार अमेरिकी आणि समोरचा माणूस भारतातला असेल, तर त्याच्या पत्त्याचे न्यायालय निवडणे आपल्या सोयीचे.

तक्रार तुमच्याविरुद्धच आली असेल, तर यूडीआरपीत उत्तरासाठी 20 दिवस मिळतात आणि मागितल्यास आणखी 4. गप्प बसू नये. ते तुमच्या आडनावाचे किंवा गावाच्या, मालाच्या सामान्य नावाचे डोमेन असेल आणि तुम्ही त्यावर प्रामाणिक धंदा करत असाल, तर ते बिलांनिशी दाखवावे.

निर्णय तुमच्या बाजूने लागला तरी यूडीआरपीत 10 कामकाजाचे दिवस थांबावे लागते. तेवढ्यात समोरच्याने न्यायालयात दावा केल्याचे कागद दिले नाहीत, तर रजिस्ट्रार हस्तांतर करतो. आयएनडीआरपीच्या निवाड्याला लवाद कायद्याच्या कलम 34 खाली आव्हान देता येते. डोमेन हाती येताच ते फर्मच्या स्वतःच्या खात्यात, फर्मच्या ईमेलवर आणि मालकाच्या मोबाइल क्रमांकावर घ्यावे, हस्तांतराचे कुलूप लावावे, आपोआप नूतनीकरण चालू करावे, आणि नेम सर्व्हर व ईमेलच्या जुन्या नोंदी पुसून नव्या घालाव्यात. त्याच दिवशी सर्व व्यापाऱ्यांना योग्य पत्ता आणि बँक खाते लेखी कळवावे.